सुनीताची भाकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगते. पण रडत सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बेलापूरकडच्या बायकांची टोळी घेऊन मी कांदा काढायला जाते. मुकादमीण आहे मी. काम उक्तं घेते, एकरावर. लवकर उरकलं तर दुसरं रान मिळतं. पूर्वी भर उन्हाळ्यातही दिवस निभायचा. आता दुपारी ढेकूळ हातात धरवत नाही — हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. टोळीतली म्हातारी द्वारकाबाई एका दुपारी म्हणाली, "आक्का, डोकं लई भनभनतंय. सावलीला बसू का जरा?" एवढा वाफा होऊ दे, म्हणाले मी. वाफा झालाच नाही. ती पातीच्या ढिगावर कोसळली, अंग नुसतं भाजत होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली.

आणि मग मी तोंड उघडलं. ऊन लागलं म्हटलं असतं, तर घरोघरी बायकांना अडवलं असतं. ऐन हंगामात टोळी मोडली असती, चुली थंड पडल्या असत्या — माझी सगळ्यात आधी. म्हणून म्हणाले, "उपाशी आल्ती." उपाशीपणाचा जाब कोण कुणाला विचारतो?

विचारला. तिच्या सुनेला विचारला. सुनीता पहाटे उठून सासूची भाकरी बांधून द्यायची, आणि गाव म्हणालं, "म्हातारीला उपाशी धाडली व्हय हिनं?" दहाव्याला बायकांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी तिथंच बसले होते.

खरं काय होतं? त्या सकाळी सुनीतानं बांधून दिलेली बाजरीची भाकरी होती, शेंगदाण्याचा ठेचा होता. अर्धी द्वारकाबाईनं खाल्ली. अर्धी मी.

आता ऊन चढलं की मी काम थांबवते. शेतकरी बोलतात, रानं कमी मिळतात, हातात पैसा कमी येतो. येऊ दे. पण त्यानं मी सुटले असं समजू नका. ऊन वाढलं त्यात माझा एकटीचा हात नसेल, त्या उन्हात तिला ठेवलं ते मीच.

सुनीता आता माझ्याच टोळीत येते. जेवायला आम्ही सगळ्या एकमेकींचं खातो, पण तिच्या फडक्याला कुणी हात लावत नाही. मीसुद्धा नाही — कुठल्या तोंडानं लावू? उद्या लावणार आहे. सगळ्यांच्या देखत तिची भाकरी मोडणार आणि त्या दिवशीची भाकरी कोणाच्या पोटात गेली होती ते सांगणार. मग ती मला जवळ बसवो नाहीतर बांधावरून हाकलून देवो.