पर्समधलं कार्ड

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा भुतंखेतं, अंगात येणं, उतारे सगळं घराबाहेर काढलं ते काढलंच. इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात शंभर खुसपटं काढते. तुम्हीही माझी काढा. कोणाला उत्तर सापडलं तर उपकारच होतील...

दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. मी शाळेत क्लार्क, तो एमआयडीसीत एका इंजिनीअरिंग कंपनीत टर्नर. बाकीचे कामगार शेअर रिक्षाने जायचे, हा सायकलने. एकदा बाजारात एका गाडीवाल्याने न बघता दार उघडलं आणि मिलिंदचं मनगट मोडलं. वर गाडीवालाच ओरडला, "तूच येऊन धडकलास!" जमलेले लोकही त्याच्याच बाजूने बोलले. मिलिंदला हे मनगटापेक्षा जास्त लागलं.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तो उल्हासनगरहून बोटाएवढा कॅमेरा घेऊन आला. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, "साईं, चीज देखो, बिल का क्या अचार डालोगे?" पुरावे गोळा करायला निघालाय आणि याच्या कॅमेऱ्याचाच पुरावा नाही, म्हणून आम्ही त्याला किती पिडलं! त्याने तो कॅमेरा कंपनीच्या पिवळ्या हेल्मेटवर काळ्या टेपने गच्च बांधला.

माल मात्र यथातथाच होता. चित्र हलायचं, नंबर वाचता यायचा नाही. मग घासून गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर मिलिंद स्वतःच मोठ्याने बोलायचा, तोही दोनदा. आणि वर, "ताई, लिहून घे." संध्याकाळी मी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावायचे आणि नंबर वहीत उतरवायचे. कार्ड रिकामं करणं, कॅमेरा चार्ज करणं, सकाळी कार्ड परत आत टाकणं, हे सगळं माझं काम. रोज बूट घालताना तो विचारायचा, "ताई, कार्ड टाकलंस ना?"

घरात कार्ड एकच. एका रविवारी मामेबहिणीचा साखरपुडा होता, मैत्रिणीचा कॅमेरा आणला आणि आमचं कार्ड त्यात घातलं. घरी आल्यावर ते काढून पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवलं. सोमवारी मिलिंदची पहिली पाळी. मी त्याचा डबा भरत होते.

"ताई, कार्ड टाकलंस ना?"

"हो रे, टाकलंय. निघ आता, उशीर होईल."

मी वळूनही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तासाभरातच फोन आला. जांभूळकडे जाणाऱ्या रस्त्याला गाडीने उडवलं असं कोणी म्हणालं, सायकल घसरली असं कोणी म्हणालं. नक्की पाहिलेला कोणीच नव्हता. डॉक्टरांनी आईचा हात धरून सांगितलं, "जागच्या जागी गेला, मावशी. त्याला काही कळलंसुद्धा नसेल." त्या दिवसांत आम्हाला तेवढाच आधार होता.

पोलिसांच्या कागदावर आलं — सायकल घसरून, स्वतःच्या हयगयीने. माझ्या भावाच्या हयगयीने! नंबर पाठ करत रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या आतून चालवणारा पोरगा! हवालदारांनी हेल्मेट पुढे ठेवलं. "मॅडम, कॅमेरा आहे, पन आत कार्ड नाय." मी पर्सची चेन उघडून कार्ड काढून दिलं. "हे माझ्याकडे राहिलं." त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. जबाबात तसं लिहिलं, मी सही केली. ते सकाळचं "हो रे" मात्र मी कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. ते मला आतून खात राहिलं.

जलदान विधी झाला. नंतर काही दिवसांनी मामेबहिणीने अवघडत फोन केला, फोटो मिळतील का म्हणून. दुपारचे तीन वाजले असतील, आई आतल्या खोलीत पडली होती. पर्समधून कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं. साखरपुड्याचे फोटो होते. आणि सगळ्यात शेवटी एक व्हिडिओ.

तारीख त्या सोमवारची.

मला वाटलं तारीख चुकली असेल, जुनं काहीतरी असेल. लावला. आमचा दरवाजा दिसला, चपलांचा स्टँड दिसला. मिलिंदचा आवाज आला, "ताई, कार्ड टाकलंस ना?" मग माझा. "हो रे, टाकलंय. निघ आता, उशीर होईल." शब्द न् शब्द तोच.

पुढे जिना, रस्ता, त्याचा श्वास. मध्येच दोन गाड्यांचे नंबर. सायकल पांढऱ्या पट्टीच्या आतच होती, अगदी सरळ. मागून हॉर्न, मोठा आवाज, मग आभाळ आणि गवताची पाती. आणि मग मिलिंद बोलला. हळू, पण नीट. एका टेम्पोचा नंबर. पुन्हा तोच नंबर. थोडं थांबून, "ताई... लिहून घे."

मी लिहून घेतला. रडत रडत, त्याच वहीत.

म्हणजे डॉक्टर म्हणाले तसं नव्हतं. त्याला कळलं होतं. आमचा होता नव्हता तो आधारही गेला. आईला मी हा व्हिडिओ आजपर्यंत दाखवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांना दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाले, "मॅडम, हे कार्ड तर तुमी माझ्यासमोर पर्समधून काढलं होतं."

"हो."

"मग ह्याच्यात हे आलं कुठून?"

"मला माहीत नाही. पण नंबर आहे ना!"

"तुमची सही हाय, कार्ड घरी होतं म्हणून. वकील दोन मिन्टात फाडील." त्यांनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "जबाब बदला. म्हना, तवा डोकं ठिकानावर नव्हतं, कार्ड कॅमेऱ्यातच होतं. मी काय बोलत नाय."

मी बदलला. "कार्ड मी स्वतः टाकलं होतं" असं लिहून सही केली. आठवड्याभरात टेम्पो सापडला. पुढच्या पत्र्याला पोचा, त्यात मिलिंदच्या सायकलचा हिरवा रंग. ड्रायव्हर फार वेळ टिकला नाही, कबूल झाला. 'स्वतःच्या हयगयीने' हे शब्द गेले.

कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एकाला सगळं विचारलं. तो म्हणाला, कॅमेऱ्यात आतली मेमरी असेल. असेलही! पण ती माझ्या पर्समधल्या कार्डात कशी शिरणार? दुसऱ्याने सुचवलं की तुम्हीच सकाळी कार्ड टाकलं असेल आणि विसरला असाल. मग पोलिसांसमोर मी पर्समधून काढलं ते काय होतं? तिसरा नुसता पाणी प्यायला.

मला एवढंच कळतं... मिलिंदने सगळ्यांविरुद्ध पुरावे जमवले. माझ्याविरुद्ध एक होता, कार्ड नसलेला कॅमेरा, तो त्याने राहू दिला नाही. मी टाकलंय म्हणाले, तर टाकलंय. बहिणीला खोटं पाडायचं त्याला जमलं नसावं. वेडा होता. मला मात्र खरं माहीत आहे, आणि त्यावर कुठलाही जबाब बदलून उपयोग नाही.

आता आई थकलीय. झोपायच्या आधी रोज विचारते, "गॅस बंद केलास ना गं?" बंद केलेला असतो, मला आठवतही असतं. तरी मी उठते, स्वयंपाकघरात जाऊन हाताने चाचपून बघते, आणि मगच हो म्हणते.