नागपूरची तीन चायनीज हॉटेलं आणि दारव्ह्याचा एक गाळा

दारव्ह्याचा माणूस नागपूरला जातो तो दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या खरेदीला. आम्ही दोघी जावा गेलो फक्त चायनीज खायला! माझी धाकटी जाऊ प्रज्ञा हिला बसस्टँडसमोरच्या गाळ्यात चायनीजचं हॉटेल टाकायचं होतं. तिचं मंचुरियन खाऊन आमची अख्खी गल्ली बोटं चाटते. पण तिच्या नवऱ्याने, विनोद भाऊजींनी, अट घातली, "आधी नागपूरचं खाऊन ये. मंग सांग, तुह्यानं होते का ते." गाळेवाल्याला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. आम्ही शनिवारी सकाळी निघालो.

एसटीने यवतमाळ, तिथून वर्ध्यावरून नागपूर. रस्ता झकास, बायांना अर्धं तिकीट, आणखी काय पाहिजे? आधी दीक्षाभूमीवर वंदन केलं, मग पोटाकडे वळलो.

पहिलं हॉटेल धरमपेठेतलं. एसी, मंद दिवे आणि दोघींचं बिल आमच्या आठवड्याच्या भाजीबाजाराएवढं. पण डिमसम असे नाजूक, की पारीतून आतलं सारण दिसावं. मी तर तुटून पडले. प्रज्ञा मात्र घास घोळवत बसली. "ताई, हे आपल्यानं नाही होत," ती म्हणाली. संध्याकाळी सीताबर्डीला शेजवान नूडल्स खाल्ले. तिखट म्हणे! आमच्याकडे ते बारशाला चालतील. एरवी ती यावर खदखदून हसली असती. त्या रात्री लॉजवर ती भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि मला भाऊजींचा राग आला.

रविवारी सदर भागात गेलो. पिढ्यान्‌पिढ्या नागपुरात राहिलेल्या एका चिनी कुटुंबाचं हे जुनं हॉटेल, साधी टेबलं, बिलही खिशाला झेपणारं. मंचाव सूप, चिली चिकन आणि फ्राइड राइस आला. उदास प्रज्ञाने, घरी वरणासाठी करतो तसं, भाताला आळं केलं आणि अख्खं सूप त्यात ओतलं! शेजारचं टेबल बघत राहिलं. मी टेबलाखालून तिला पाय मारला.

"कोरडा भात उतरत नाही मले," ती मोठ्यानेच म्हणाली.

गल्ल्यावरच्या चिनी बाई उठून आल्या. मी भांडायच्या तयारीत.

"हम भी घर में ऐसेच खाते," त्या म्हणाल्या. "ग्राहक के सामने नहीं खाते, बस."

प्रज्ञाने आणखी एक सूप मागवलं आणि ताठ बसली. "ताई, आपल्याकडं कोरडं खाते तरी कोण? मी भातासंग वाटीभर मंचुरियनचा रस्सा देईन." मग ती फोन घेऊन बाहेर गेली. परत आली आणि तिने माझ्या ताटातलं चिली चिकन संपवलं.

तिन्हींत उत्तम कोणतं विचाराल, तर धरमपेठेतलं. पण मी पुन्हा जाईन ते सदरला, आणि सूप भातावरच घेईन. कुणाला बघायचं ते बघू दे.

घरी पोचलो तर भाऊजी दारातच उभे.

"मंग? गाळेवाल्याले काय सांगतं?"

"सांगतलं. गाळा घेतला म्या."

"अन् मले इचारलं नाही?"

"तुमीच म्हटलं न, खाऊन सांग. आता सांगून राह्यली."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढत राहिले.

"भिंतीले रंग कोणता देऊन राह्यली?" ते म्हणाले.