बारा भागांची कुसुम

सांगलीच्या हळदबाजारात अडत दुकान सांभाळणारा धन्यकुमार दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचा आणि रहस्यकथा लिहायला बसायचा. वाचकाला टांगून ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची खात्री होती. चौऱ्याहत्तर साली त्यानं बारा भागांची मालिकाच आखली. पहिल्या भागात कुसुम नावाची पोर पळवली जाणार आणि घरी येणार थेट बाराव्यात. मधल्या भागांत गुप्तहेर साहेब तिच्यामागे गोव्यापासून विजापूरपर्यंत धावणार. कराडचे प्रकाशक नाथाजीराव इतके खूश झाले, की त्यांनी या जैन लेखकासाठी मुद्दाम बिनकांद्याची भजी तळून घेतली.

पहिला भाग बाजारात आला. धन्यकुमारच्या आईला, चंपाबाईंना, वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोनं, गुणमालानं, तो दुपारी त्यांना वाचून दाखवला. शेवटच्या पानावर कुसुमला घेऊन ट्रक जतच्या माळावर दिसेनासा झाला आणि पुस्तक संपलं. चंपाबाई म्हणाल्या, पुढचं वाच. पुढचं नाहीच, हे कळल्यावर त्या लेकाची वाट बघत बसल्या आणि तो येताच त्यांनी पोर घरी कधी येणार, असं विचारलं. लेकानं ऐटीत सांगितलं, या नाही, पुढच्या दिवाळीला.

गल्लीतल्या जैन बस्तीकडे, म्हणजे मंदिराकडे, तोंड करून चंपाबाईंनी देवाला हात जोडले आणि नियम घेतला, की पोर घरी येईपर्यंत दूध वर्ज्य.

आता, दात गेलेल्या त्या बाईचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी. सुरुवातीला धन्यकुमारला आपल्या लेखणीचं कौतुकच वाटलं. मग आई भिंतीला धरून चालायला लागली आणि त्याचं धाबं दणाणलं. आपल्या मालिकेपायी आई जाते की काय, ही भीती त्याला दुकानातही सोडेना. गोष्ट खोटी आहे, कुसुम नावाचं कुणी नाहीच, असं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं.

"पोर खोटी आसंल," चंपाबाई म्हणाल्या, "नियम खरा हाय न्हवं?"

बरं, सापडली असं समज, असंही तो म्हणाला. त्यावर उत्तर आलं, की गुणमाला पुस्तकातनं वाचेल तेव्हाच समजेन. शेवटी तो बस्तीतल्या पुजाऱ्यांकडे, उपाध्यांकडे गेला. उपाध्ये गंभीर झाले. अट पुरी झाल्याशिवाय सुटका नाही, म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, तो ट्रक जतमध्ये नेमका कुणाकडे गेला, हे त्यांनी विचारून घेतलं.

धन्यकुमारनं कराड गाठलं. कुसुमला दुसऱ्याच भागात घरी आणतो, असं त्यानं सांगताच नाथाजीरावांनी कपाळाला हात लावला.

"मग ऱ्हायल्याली धा पुस्तकं काय कुसुमच्या लग्नाची काढायची व्हय रं?"

पण आईची हकीकत ऐकल्यावर त्यांनीच छपाईची घाई केली. दुसऱ्या भागात कुसुम उंबऱ्यात आली, तेव्हा गुणमालानं ते पान दोनदा वाचलं. चंपाबाईंनी डोळे पुसले आणि वाटीभर दूध मागितलं. धन्यकुमार स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला.

गंमत म्हणजे दुसरा भाग पहिल्याच्या वरताण खपला. एसटी स्टँडवर हाताला लागेल ते पुस्तक उचलणाऱ्या माणसाला, मागचं-पुढचं माहीत नसताना, पुरी गोष्ट मिळाली होती. नाथाजीरावांना लगेच साक्षात्कार झाला. दर भागात कुसुम हरवायची आणि त्याच भागात घरी आणायची. तिला पळवणारा खरा सूत्रधार तेवढा बाराव्यासाठी राखून ठेवायचा. ही युक्ती मुळात आपलीच, असं धन्यकुमार लवकरच बाजारात सांगायलाही लागला.

तिसरा भाग त्यानं जीव ओतून लिहिला. त्याला आजवर एवढं चांगलं काही जमलं नव्हतं. पहिली प्रत त्यानं आईपुढे ठेवली आणि भिऊ नको, शेवटी पोर घरी येते, असं आधीच सांगून टाकलं. चंपाबाई दुधात भाकरी कुस्करत होत्या. त्यांनी पुस्तक कोपरानं बाजूला सारलं.

"घरला आल्याली पोर परत बाहीर कशापायी काढलीस?" त्या म्हणाल्या. "मी न्हाई ऐकायची. माझी कुसुम घरात हाय."

पुढचे नऊही भाग त्यानं लिहिले आणि सगळे खपले. बाराव्यात सूत्रधार पकडला गेला, तेव्हा साऱ्या बाजारात चर्चा झाली. तो कोण होता, हे आईनं त्याला कधीच विचारलं नाही.