पाठीवरचा सात नंबर

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सांगते. मला फारसं बोलताच येत नाही — चारचौघांत कोणी काही विचारलं तर मान हलवते, तेवढंच. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर बरं आहे, म्हणून लिहिते. तू वाचशील तर वाच.

हातांपासून सुरुवात करते. माझ्या नाही — बाईच्या.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. अंजनगावच्या बाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, तिथंच घर. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, मले अहो-जाहो करू नको, मी काही तुही सासू नाही. चूल तिची होती. तिच्या हातच्या भाकरीसाठी पाहुणे जेवणाची वेळ साधून यायचे. मी भाजी निवडायची, पाणी भरायचं. बारा वर्षांत एकानंही विचारलं नाही की धाकटीला काय येतं. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

मग ती साथ आली, आणि थोरल्या दिरांनी अकोटहून जंतू मारायच्या औषधाचा मोठा डबा आणला. पिवळं औषध, डोक्यात जाईल असा वास. साथ गेली, डबा राहिला. संपला की नवा यायचा. फरशी त्यात, कपडे त्यात, भाजीचे कॅरेट त्यात. कॅरेट बाई धुवायची. वर्षभरात तिचे हात गेले.

आधी बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या. मग कातडी सोलायला लागली, चिरा पडल्या, चिरांतून चिकट पाणी. एकदा ती परातीत पीठ मळत होती आणि ते पाणी पिठात — मी पाहिलं. त्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून जेवले नाही. किळस आली मला. ती किळस खोटी नव्हती. खोटं पुढं आहे.

दीर आम्हा दोघींना अमरावतीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. कातडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरूज वाटत नाही, कशाची तरी ॲलर्जी असावी. हाताला रोज जे जे लागतं ते बाटल्यांत भरून आणा. आम्ही साबण नेला, कपड्यांची पावडर नेली, पिवळं औषधही नेलं. डॉक्टरीणबाईंनी ते पातळ केलं, त्यात आपल्याकडची काही औषधं मिळवली, आणि दहा बारक्या वाट्यांसारख्या चकत्यांत एकेक थेंब भरून चिकटपट्टीनं बाईच्या पाठीवर लावलं. प्रत्येकाजवळ पेनानं नंबर घातला. कोणत्या नंबरला काय लावलं तो कागद माझ्या हातात दिला, कारण बाईला वाचता येत नाही. सात नंबरला आमचं पिवळं औषध होतं.

दोन दिवस पाठ भिजवायची नव्हती. मग पुन्हा गेलो, पट्टी निघाली. थोडं गुलाबी दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच सांगता येत नाही, खरं ते अजून दोन दिवसांनी उठतं, तेव्हा या. दीर म्हणाले, मळ्यात भाजीचा तोडा आहे, जमायचं नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. हिला वाचता येतं ना? हिनं पाठ नीट पाहायची आणि मला फोनवर नंबर सांगायचा.

म्हणजे सगळं माझ्या डोळ्यांवर आलं. स्वतःची पाठ कोणाला दिसते?

दोन दिवसांनी सकाळी बाई न्हाणीतल्या दगडावर माझ्याकडे पाठ करून बसली. नऊ जागा साफ होत्या. सातवी लाल, फुगलेली, वर पाण्याचे बारीक फोड — जशी कोणी तापलेली वाटी टेकवली असावी. पाहायला चौथी शिकायचीही गरज नव्हती.

"काय दिसून राहिलं वो मंगले?"

आणि मी — कसं सांगू? हात चिघळल्यापासून चूल माझ्याकडे आली होती. आदल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, धाकटीची भाकरी पातळ होते, बरी लागते. बारा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मनात तेवढं एकच वाक्य होतं. त्याहून मोठं काहीही नव्हतं.

"काही नाही बाई. साफ हाये सारं."

"खाजून तं लय राहिलं."

पट्टीचं असंन, असं म्हणत मी पेनाचे नंबर ओल्या फडक्यानं पुसून काढले. सातवा पुसताना ती शहारली. मी पोलकं खाली ओढलं. फोनही मीच केला. एरवी फोनवर माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी फुटला.

तपासणीत काही निघालं नाही म्हटल्यावर घरात ती खरूजच ठरली. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. पिठाला शिवायचं नाही. आणि जंतू मरावेत म्हणून सकाळ-संध्याकाळ हात पिवळ्या औषधाच्या पाण्यात बुडवायचे. बादली भरायचं काम माझं. दोन टोपणं मी ओतायची. ती हात बुडवायची आणि दात आवळून बसायची. मी शेजारी उभी. तीन वर्षं, दिवसातून दोनदा. कधी एकदा तरी विसरले असते. नाही विसरले.

मागच्या वर्षी तिच्या पोरीचं लग्न झालं. हळद लावायला बाई पुढे झाली, तर सासूबाईंनी सगळ्या बायांदेखत वाटी तिच्यापुढून उचलून माझ्या हातात दिली. बाईनं हात पदराखाली घेतले. पोर माझ्याकडे पाहत होती. मला माझ्या स्वच्छ बोटांची अशी किळस आली — तिच्या पिठातल्या पाण्याची कधी आली नव्हती, एवढी. तरी लावली हळद. दोन्ही गालांना लावली.

लग्नानंतर बाई महिना-दीड महिना पोरीकडे अकोटला राहिली. परत आली तेव्हा हातांच्या चिरा भरून आल्या होत्या. सगळे म्हणाले, तिकडचं पाणी मानवलं. सासूबाई म्हणाल्या, खरूज पुन्हा उठायच्या आत बादली सुरू कर. मी बादली भरली. डबा शेजारी उघडा ठेवला, वास यावा म्हणून. पाण्यात टाकलं काहीच नाही. कॅरेटही आता मीच धुते. तू म्हणशील, सुधारली. सुधारले असते तर तोंड उघडलं असतं. कोणाला कळणार नाही तेवढंच मी केलं.

हात बरेच राहिले. परवा सगळे जेवायला बसले होते, तेव्हा बाई म्हणाली, "दवाखान्यानं काई केलं नाही. या मंगलीच्या हाताले गुण हाये. तीन वर्षं इनंच पाणी केलं माह्यासाठी."

सासूबाईंनी मान डोलावली. मी मान खाली घातली. लाजऱ्या बाईनं मान खाली घातली की लोकांना ती लाजच वाटते.

मग सासूबाई म्हणाल्या, आता थोरली बसली चुलीपाशी तरी चालते. तर बाईच म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. साऱ्याईले मंगलीच्या भाकरीची सवय झाली."

तो कागद अजून माझ्या पेटीत आहे, घडी करून. सात नंबरपुढे लिहिलं आहे — घरातलं जंतुनाशक. बस बाई, एवढं म्हणून परात तिच्याकडे सरकवता आली असती. हातभर अंतरावर होती ती.

मी परात ओढून घेतली. पीठ मळलं, भाकरी थापल्या, सगळ्यांना गरम वाढल्या. तिलाही.