तराजूच्या पेटीची काच

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. सांगायला बसलो की फ्लोरीन आणि फ्लोराइड यांतला फरक सांगून थांबायचो. पुढचं राहून जायचं.

तो फरक समजावण्याची रीतही माझी नव्हे. सत्तरच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत होतो. प्रयोगशाळेतले परिचर हिंगणीचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. घरी शेती, गोठ्यात बैलजोडी. मी फळ्यावर लिहायचो: फ्लोरीन हे मूलद्रव्य, अतिशय क्रियाशील, त्याचा धातूशी संयोग झाला की होणारं संयुग म्हणजे फ्लोराइड. पोरं उतरवून घेत आणि विसरत. एकदा परीक्षानळ्या धुता धुता भाऊ म्हणाले, "फ्लोरीन म्हंजे मोकाट गोऱ्हा, दिसन त्याले शिंग मारते. धातूसंगं जुवाले जुपला का झाला फ्लोराइड. मंग गरीब." त्या वर्षी हा प्रश्न कुणाचाच चुकला नाही.

वर्षातून एकदा आम्ही काच कोरायचो. काचेवर मेणाचा थर, त्यात सुईनं अक्षरं, खाली शिशाच्या भांड्यात कॅल्शियम फ्लोराइड आणि सल्फ्युरिक आम्ल. कॅल्शियम आम्लाकडे जातं, हायड्रोजन फ्लोराइडची वाफ सुटते आणि मेण नसेल तिथली काच खाते. भाऊंनी एका तुकड्यावर आपला बैल कोरला होता. प्रयोग संपला की ते भांडं लगेच बाहेर लिंबाखाली नेत. "जू निघालं त्याचं, घरात नोका ठेवू," म्हणत.

एका वर्षी ते पोळ्याला गावी गेले. प्रयोग मी एकट्यानं केला आणि भांडं तसंच तराजूच्या काचेच्या पेटीशेजारी ठेवून, खिडक्या लावून घरी गेलो.

सुट्टीनंतर लवकर आलो, तर पेटीची काच दुधाळ झालेली. मी भांडं तेवढं धुऊन ठेवलं. थोड्या वेळानं भाऊ ती काच फडक्यानं पुसत होते, जवळ भांडी घासायच्या राखेचा डबा. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. काच राखेनं घासली, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

"राख मी भांड्यालेच लावतो साहेब, काचेले नाई. सरले इचारा."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

भाऊंना घंटेवर आणि बागेच्या पाण्यावर लावलं. पगार तोच, पण प्रयोगशाळा सुटली. तरी मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याभोवती जमून संयुगं विचारत, ते हसत सांगत. माझ्याशीही ते तसेच वागले. ती वर्षं मजेतच गेली, माझीसुद्धा.

ते निवृत्त झाल्यावर एकदा एसटीनं हिंगणीला गेलो. त्यांनी चहा केला, कोनाड्यातला काचेचा तुकडा उजेडात धरला. "सर, बैल आजून तसाच हाये." मी बैलाचं कौतुक केलं, कपाशीची चौकशी केली. गाडी आली. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले.

वर्ध्यापासून घोकत नेलेलं एवढंच होतं: भाऊ, ती काच तुमच्या राखेनं नाई गेली. भांडं मी ठेवलं होतं. मले माफ करजा.