चुलीजवळची कुऱ्हाड

भाजीत मीठ कमी पडलं तरी बाबा मायला तुरीच्या वाळल्या काडीनं झोडायचे. काडी मोडली की माय तेच तुकडे चुलीत घालून भाकरी भाजायची. आमच्या मेडशी गावातल्या बाया तिला सोशीक म्हणायच्या, माझं डोकं फिरायचं.

एकदा बाबांनी बैलगाडीची उभारी, कडेचा जाड लाकडी दांडा, उपसली. उभारी मोडली नाही, मायचं मनगट मोडलं.

सकाळी तिनं डाव्या हातानं ती उभारी कुऱ्हाडीनं फोडली, चुलीत घातली, वेडीवाकडी भाकर भाजून बाबांना वाढली.

"उभारी कुठी हाये?" बाबांनी विचारलं.

"तिच्यावरच भाजली भाकर. खा मुकाट्यानं."

कुऱ्हाड तिच्या मांडीशी होती. बाबांचा हात पुन्हा उठला नाही.

आता घरात गॅस आहे. कुऱ्हाड मायनं शेगडीजवळच ठेवली आहे.