पाणी द्यायला का सशाला?

जळकोटच्या नाक्यावर बॅटऱ्या, म्हणजे टॉर्च, दुरुस्त करणारा एक जण आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, "पाणी द्यायला का सशाला?" मला हा आगाऊपणाच वाटायचा. रात्रीच्या लाइटीवर रान भिजवणाऱ्याची बॅटरी तो लगेच उघडतो. शिकाऱ्याच्या बॅटरीला शिवतसुद्धा नाही. "रात्री काय न् दिवसा काय, ससा मारला की जेल हाय."

परवा त्याचा मेहुणाच सशासाठी बॅटरी घेऊन आला. "दाजी, तुमीच लई ससे धरलेत की! वाघूर कुठाय तुमची?"

यानं दुकानामागं बोट केलं. सशाच्या त्या जाळ्यावर दोडक्याचा वेल चढला होता, पिवळ्या फुलांनी भरलेला.

मेहुणा बघतच राहिला. मग त्यानं बॅटरी पुढं सरकवली.

"बरं, पाणीच देतो. दोडके लागले की सांगा."

हा लगेच बॅटरी उघडून बसला.